कोरी नळी

कोरी नळी पिवळी पडली होती. अगदी पिवळीधमक नव्हे. जांभळा रंग उतरत उतरत मळकट गुलाबीवर आला होता आणि तिथून पिवळ्याच्या वाटेला लागला होता. पण कोऱ्या नळीने कुठल्याच वाटेला लागायचं नसतं. कपाटातून स्टँड बाहेर काढला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण नळ्यांची जागा चुकलो. मग नळीवर माझ्याच अक्षरातलं शून्य दिसलं. शून्य म्हणजे हिच्यात झाडपाल्याचा थेंबही नाही. फक्त जांभळी पूड आणि ती ज्यात विरघळवतो ते मेथनॉल. आमचं सगळं काम या जांभळ्यावर चालतं. त्याच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो मिळेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. पाल्याच्या अर्कात इलेक्ट्रॉन देऊन टाकणारं काही असेल, ज्याला बाटल्यांवर मोठ्या कौतुकाने अँटिऑक्सिडंट म्हणतात, तर जांभळं शांत होतं आणि पिवळं पडतं. जितकं पिवळं, तितका अर्क गुणी. नळ्या अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या, कारण उजेडानेही हा रंग उडतो, आणि मग यंत्रात घालून आकडा घ्यायचा. कोरी नळी असते ती तुलनेसाठी. तिने काहीही न करता उभं राहायचं, एवढंच तिचं काम. इतक्या वर्षांच्या नोकरीत रंग बदललेली कोरी नळी मी पाहिलीच नव्हती असं नाही, पण तेव्हा शेजारच्या नळ्या कुठल्या तरी कंपनीच्या असायच्या. या वेळी त्या आत्याच्या होत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर बाबांनी मला तिच्याकडे आणून सोडलं ते थोडे दिवस म्हणून, आणि ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. मी नऊ वर्षांची होते, आता बेचाळीसची आहे. बाबाही गेले. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. रिटायर होऊन जमाना झाला, तरी फोन उचलला की 'बोला' आणि ठेवताना 'झालं?' आणि या दोन शब्दांच्या मधल्या फटीत समोरच्याने काय ते उरकायचं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. तिच्या बाल्कनीत एक झाड आहे. कमरेएवढं, खरखरीत पानांचं, बघणाऱ्याला सहज तण वाटावं असं. त्याची मूठभर पानं खुडून ती रोज सकाळी पातेल्यात टाकते, पाणी निम्मं होईपर्यंत उकळते, गाळते आणि कपभर काढा उभ्या उभ्या पिते. मला या घरातलं जे पहिलं म्हणून आठवतं ते हेच: ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, गाळणं ओट्यावर आपटल्याचा आवाज आणि पाठमोरी आत्या. कशासाठी पिते याची उत्तरं माणसागणिक वेगळी. शेजारणीला सांगितलेलं, गुडघ्यांसाठी. बाबांना सांगितलेलं, पोटासाठी. मी एकदा कॉलेजात असताना विचारलं, तेव्हा म्हणाली, "सवय." मलाही तेवढ्यावर समाधान वाटलं. जगभरची पानं, मुळं, साली मी कुटत, गाळत, मोजत आले, पण आपल्याच ओट्यावर रोज उकळणाऱ्या पातेल्यात काय आहे याची चौकशी मी कधी केली नव्हती. घरच्या गोष्टीला नमुना म्हणायचं सुचत नाही माणसाला.

मध्यंतरी तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. ती म्हणाली, लाइनवर खरखर येते तसं होतंय. डॉक्टर तरुण होते, मऊ बोलणारे. कागदाची पट्टी बघून त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. ठोके असे वेडेवाकडे पडत राहिले की हृदयात गुठळी धरू शकते, म्हणाले, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर... यापुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणखी काही घेता का आजी? घरगुती काही?"

"आजी कुणाची?" आत्या म्हणाली. मग म्हणाली, "काढा घेते. सकाळी."

तिने झाडाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. "तो बंद करा," ते म्हणाले.

"त्यात काय असतं ते माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग बंद का करायचा?"

"माहीत नाही म्हणूनच. अशा पाल्याचं आणि या गोळीचं कधी कधी जुळत नाही. गोळी कमी तरी पडते, नाहीतर जास्त होते. दोन्ही वाईट."

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि घर जवळ आल्यावर म्हणाली, "याला माहीत नाही म्हणून मी बंद करायचं." गोळ्यांचं पाकीट तिने स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, कात्री, सुतळी, रबरबँड यांच्या शेजारी. मी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, एक दिवस अबोला धरून पाहिला. अबोल्यात तिच्यापुढे माझी काय कथा. बोलण्याचीच नोकरी केलेल्या बाईला गप्प बसण्याची हौस केवढी असते ते तिच्याकडे बघून कळतं. शेवटी एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तीच म्हणाली, "तू आयुष्यभर लोकांचा पाला तपासतेस ना? माझा तपास. काही नसेल त्यात तर सोडते, त्या दिवसापासून गोळी घेते. असेल तर तुझ्या डॉक्टरला सांग, गोळी त्यानेच घ्यावी." मी लगेच हो म्हणाले. तेव्हा ते सोपं वाटलं होतं. आज सकाळी तिने काढा दोन कप केला, एक प्यायली आणि एक थर्मासमध्ये भरून माझ्या हातात दिला, शाळेत डबा द्यायची तसा, झाकण दोनदा तपासून. ठरवलेलं होतं ते एवढंच की संध्याकाळी मी येऊन सांगायचं आणि तिने ऐकायचं.

आमची लॅब म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. खाली छापखाना आहे, त्याची धडधड आमच्या टेबलांच्या पायांतून वर येते. साहेबांना मी आधीच विचारलं होतं. साहेब तोंडाने फटकळ पण मनाने तसे नाहीत. "आत्यांचा पाला? टाक एका कोपऱ्यात, जेवणाच्या सुट्टीत कर," म्हणाले. काढा तसाच तपासायचा असं मी ठरवलं होतं. कंपन्यांचे नमुने आम्ही मेथनॉलमध्ये भिजवतो, त्यात सगळं भराभर उतरतं, आकडे गलेलठ्ठ येतात आणि ते आकडे बाटलीवर छापले जातात, पण मेथनॉल काही कुणी पीत नाही. आत्या पाणी पिते, तर पाणीच तपासायचं. एवढा प्रामाणिकपणा करून वर कोऱ्या नळीने असा दगा द्यावा.

"बरंच झालं की," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. हिला आम्ही पिपेट म्हणतो. अंगाने काटकुळी आणि बोलणं थेंब थेंब. तिला सगळी हकिगत ठाऊक होती. नळी उजेडाकडे धरून तिने पाहिली. "कोरी बिघडली म्हणजे सगळा सेट रद्द. घरी सांग, काही निघालं नाही. खोटंही नाही ते."

खरंच खोटं नव्हतं. माझ्या हातातली नळी मला पळवाट दाखवत होती, तीही अगदी नियमाला धरून. काही निघालं नाही, एवढं तीन शब्दांचं वाक्य संध्याकाळी बोलायचं आणि खणातली गोळी आत्याच्या पोटात. आणि मला भीती वाटत होती, हे कबूल केलंच पाहिजे. रोज सकाळी जाग आली की मी डोळे मिटून पडून राहायचे आणि गाळणं आपटल्याचा आवाज येईपर्यंत श्वासही जपून घ्यायचे. तो आवाज आला म्हणजे ती आहे. ज्या काढ्यावरून आमचं भांडण चाललं होतं, त्याच्याच आवाजावर माझा दिवस सुरू होत होता. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. ती वाचावी म्हणून एक अर्धं वाक्य बोलायला काय हरकत होती? एरवी मी काय कमी अर्धी वाक्यं बोलले आहे. पण नळी खाली ठेववेना. भीतीपेक्षा मला त्या घटकेला दुसरंच काही सतावत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मला कळून घ्यायचं होतं की ही पिवळी का पडली.

उजेड? कपाटाच्या दाराला फट नव्हती, आणि बाकीच्या नळ्यांवर उजेडाचा परिणाम दिसत नव्हता. जास्त काढा घातलेल्या पिवळ्या होत्या, पण ते काढ्याचं की बिघाडाचं हे कोरीवाचून सांगता येत नव्हतं; काढ्याचा नुसता अंश घातलेली मात्र कोरीपेक्षा जास्त जांभळी होती, म्हणजे बघा. मेथनॉल खराब? तेच मेथनॉल सगळ्यांत. काच अस्वच्छ? एकाच धुण्यातल्या नळ्या. मी स्टुलावर बसले आणि अर्ध्या तासापूर्वीची मी काय काय करत होते ते डोळ्यांसमोर आणायला लागले. हे वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. हात आपल्या मनाने काम करत असतात आणि डोकं भलतीकडेच असतं. माझं डोकं तेव्हा डॉक्टरांच्या अर्ध्या वाक्यात होतं. नळ्या ओळीने उभ्या केल्या. काढा घातला, जांभळं घातलं. बुचं लावली. बूच एक कमी पडलं. एक कमी पडलं, आणि मी खण उघडून दुसरं काढायचा कंटाळा केला, कारण उरली होती ती कोरी, आणि तिच्यात होतं काय सांडण्यासारखं? तिच्या तोंडावर अंगठा दाबून मी ती उलटीसुलटी केली. कॉलेजातली वाईट खोड. नव्या मुलींना मी यावरून बोलते. हातमोजेही नव्हते, ते पुढच्याच क्षणी घालणार होते. पण नुसत्या अंगठ्याने एवढं कसं व्हावं? मी अंगठ्याचा वास घेतला. मग मला फोन आठवला.

आत्या रोज दुपारी फोन करते. मेथनॉलने माझ्या हातांची सालं निघतात, भेगा पडतात, म्हणून तिने मला एक क्रीमची ट्यूब आणून दिली आहे आणि ती लावली का याची ती रोज उलटतपासणी घेते. आज फोन वाजला तेव्हा मी हात धुऊन आलेच होते. खोटं बोलायला नको म्हणून आधी ट्यूब पिळली, दोन्ही हातांना भरपूर चोळली आणि मग उचलला. "लावलंस?" "लावलं." "झालं?" आणि ठेवला. आणि तेच हात पुसल्यासारखं करून मी नळ्यांकडे वळले. ट्यूब पर्समधून काढून मी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. ई जीवनसत्त्व. ते तर आमच्याकडे दुसऱ्या टोकाच्या तुलनेला वापरतात, जांभळ्याला हमखास पिवळं करणारं म्हणून. मला एकदम हसू फुटलं. पिपेटने मान वर केली. तिला सांगितलं तर तीही हसली, थेंबभर. झाडाच्या नळ्यांत आत्याचा काढा आणि कोऱ्या नळीत आत्याचं क्रीम. ज्या नळीत काही नसायला हवं होतं तिथेही ही बाई पोचली होती. यावरून काही तात्पर्य काढायचा मोह मी आवरला. साहेब म्हणतात, रसायनाला मन चिकटवलं की दोन्ही बिघडतं.

हात साबणाने दोनदा धुतले, हातमोजे चढवले, सगळ्या नळ्यांना बुचं मोजून घेतली आणि सेट पुन्हा लावला. या वेळी कोरी जांभळी राहिली, आज्ञाधारकासारखी. आणि आत्याचा काढा? पहिल्या नळीत तो पडताना मी बघतच होते. जांभळं गेलं. अर्धा तास कसला, बूच लावेपर्यंत गेलं. मी काढा दहापट पातळ केला, तरी गेलं. आणखी पातळ केला तेव्हा कुठे ते रेंगाळत रेंगाळत उतरलं. या वर्षात आमच्या टेबलावरून जे नमुने गेले, सोनेरी झाकणाच्या बाटल्यांतून आलेले, सोबत रंगीत पुस्तिका असलेले, त्यातल्या बहुतेकांना बाल्कनीतल्या त्या तणाने मागे टाकलं होतं. मला अभिमान वाटला, जसा काही माझाच मुलगा पहिला आला होता. आणि त्याच क्षणी हेही कळलं की माझी पळवाट बंद झाली. निघालं होतं. भरपूर निघालं होतं. ठरलं होतं त्याप्रमाणे आत्या आता गोळी घेणार नव्हती.

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा पातेल्यात डोकावल्यावर मला राहवेना. मी थर्मासच्या झाकणात ओतून काढा चाखला. इतक्या वर्षांत मी तो कधी तोंडात घेतला नव्हता. आधी कडू, मग जीभ आवळून घेणारा तुरट. दातांना आतून कुणी खडू लावला असं वाटलं. तुरटपणा टॅनिनचा, तो लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतो म्हणून तोंड कोरडं पडतं; हे मी नव्या मुलींना शिकवते, पण शिकवताना तोंड कोरडं पडत नाही. लोहाचा क्षार घातला तर काढा शाईसारखा काळानिळा झाला. म्हणजे टॅनिन आहेच. मग मी पांढऱ्या लेपाची काचपट्टी घेतली, तळाशी काढ्याचा ठिपका दिला, शेजारी आमच्याकडच्या ओळखीच्या पदार्थांचे ठिपके दिले आणि पट्टी द्रावकात उभी केली. द्रावक वर चढतो आणि चढताना ठिपक्यातले सगळे भाऊबंद वेगळे करतो. ज्याला जितकं चढायचं तितका तो चढतो. पट्टी वाळल्यावर अतिनील दिव्याखाली धरली आणि दिवा लावला. काळोख्या खोक्यात आत्याचा काढा उजळून निघाला. खाली नारिंगी पट्टा, त्यावर पिवळसर, त्यावर हिरवट, मग एक स्वच्छ निळा, मग पुन्हा एक निळा, अगदी वर लालसर. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. रोज सकाळी एका कपात हे सगळं तिच्या घशाखाली उतरत होतं आणि माझ्या लेखी तो नुसता ओल्या पुठ्ठ्याचा वास होता.

मग पट्टीवर जांभळं फवारलं. खालचे तीन पट्टे जांभळ्यावर पिवळे उमटले. ते जांभळ्याला शांत करणारे. त्यातल्या दोघांची शेजारच्या ठिपक्यांशी ओळख पटली. पण ते निळे, आणि तो वरचा लालसर? ते जांभळ्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. जागच्या जागी होते, पण माझ्या परीक्षेला बसलेलेच नव्हते. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "हे निळं काय असेल?" मी विचारलं. "काहीही असेल," ते म्हणाले. "दहा घराणी आहेत निळं चमकणारी. महिनाभर बसलीस तर एखाददुसऱ्याचं नाव लागेल." मग निघता निघता म्हणाले, "आपण फक्त जांभळ्याला विचारलं. कुणाच्या रक्तात जांभळं नसतं." हे वाक्य ते कंपन्यांच्या लोकांना नेहमी ऐकवतात, 'तरुण ठेवते' असं बाटलीवर छापायचं असतं त्यांना. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा अर्थ उरला नव्हता. आज तो लागला. डॉक्टर म्हणाले होते, माहीत नाही. मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली होती की माहीत नाही म्हणजे याला वाटतंय काही नाही. पण ते तसं म्हणालेच नव्हते. माझ्यासमोर पट्टी होती आणि तिच्यावरच्या निम्म्याअधिकांचं नाव मलाही सांगता येत नव्हतं.

घरी मी चालत गेले. दोन बसथांबे मुद्दाम सोडून दिले. आत्याने ठरवून दिलेल्या दोनच खणांत, काही आहे किंवा काही नाही, माझं उत्तर मावत नव्हतं. काही नाही म्हटलं तर ती गोळी घेईल आणि उरलेलं आयुष्य असं समजून काढेल की आपण एवढी वर्षं गरम पाणी ढोसलं. तिचा चेहरा कसा होईल तेही मला दिसत होतं. काही होणार नाही तिच्या चेहऱ्याचं, ती फक्त पातेलं वरच्या फळीवर ठेवून देईल. तेच मला सोसवत नव्हतं. आणि आहे म्हटलं तर मीच तिच्या हट्टाला आधार देणार. एका दुकानाच्या काचेत मी स्वतःला ओठ हलवताना पाहिलं आणि गप्प झाले.

आत्या ओट्याशी उभी राहून पाव कापत होती. मी आल्याचं तिला कळलं होतं, पण वळली नाही. पावाच्या चकत्या एकसारख्या पडत होत्या.

"बोला," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "खूप आहे. आमच्याकडे या वर्षात आलेल्या बहुतेकांपेक्षा जास्त."

सुरी थांबली. ती वळली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला पुढचं बोलणं जिवावर आलं. "म्हणजे माझं खरं होतं."

"होतं. आणि म्हणूनच सोड."

"ठरलं काय होतं आपलं?"

"ठरलं होतं ते ठाऊक आहे मला. आत्या, त्यात काही नसतं ना, तर मी म्हटलं असतं पी खुशाल, वर गोळी घे, बिघडतंय काय. पण त्यात इतकं काही आहे की मला निम्म्याचं नाव लावता आलं नाही. ते रोज तुझ्या अंगात जातं. गोळीही तिथेच जाणार. दोघांची गाठ पडल्यावर काय होतं ते मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही."

"काही नाही निघालं म्हणाली असतीस तर मी सोडला असता. तुलाही माहीत होतं ते."

"हो."

"मग?"

"तू एवढी वर्षं नुसतं पाणी प्यायलीस असं तुला सांगायला माझी जीभ वळली नसती." मी थर्मास ओट्यावर ठेवला. "आणि मला भीती वाटते. सकाळी तुझा आवाज येईपर्यंत मी पडून असते. तुला काही झालं तर मी काय करू, ते मला माहीत नाही."

पावाच्या चकत्या तिने उगाच एकावर एक रचल्या, पुन्हा पसरल्या. खणाकडे तिने एकदा पाहिलं. मी खुर्चीवर बसले. तिच्या चपलांचा आवाज ओट्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. माझ्या जिभेवर तो तुरटपणा अजून थोडा होता, आणि अचानक, काही ठरवलेलं नसताना, मी विचारलं, "तू हे प्यायला सुरुवात का केलीस? मला सवय म्हणू नकोस. सवय नंतर लागते. पहिल्या दिवशी का प्यायलीस?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, एखादा नंबर फार दिवसांनी कुणी मागावा तसं.

"तुला आठवत नाही?"

"नाही."

"तू आलीस तेव्हा तुला रक्त वाढायचं औषध दिलं होतं. बाटलीतलं. तू तोंडच उघडायची नाहीस. ओठ असे घट्ट. जेवायचीस चार घास, औषध नाही. ओरडून बघितलं, चॉकलेट देऊन बघितलं. बोलायचीही नाहीस कुणाशी. आधीच्या भाडेकरूंचं ते झाड होतं बाल्कनीत, खोकल्याला चालतं एवढं ऐकून होते. उकळलं एक दिवस. म्हटलं, तुझ्यापेक्षा माझं कडू आहे, बघ. आणि प्यायले तुझ्यासमोर. काय भयंकर लागलं ते. माझं तोंड असं काही वाकडं झालं की तू हसलीस." ती थांबली. "या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग घेतलंस औषध. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आपणहून ओट्याशी येऊन उभी राहिलीस. माझं तोंड बघायला."

"मग?"

"मग काय. पीत गेले. तुझी बाटली संपली, डॉक्टर म्हणाले पुरे. मला कुणी पुरे म्हटलं नाही. आणि तू येऊन उभी राहायचीस ना. पुढे तू मोठी झालीस, पुस्तकात तोंड घालून बसायला लागलीस. तोवर जिभेला कडू लागेनासं झालं होतं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला; ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, गाळण्याचा आवाज आला, पण पाठमोरी आत्या वळेना. तिचा चेहरा तिथे असणार, मी तो पाहिला असणार, रोज पाहिला असणार, आणि माझ्याकडे फक्त पाठ उरली होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"पुरे," मी म्हणाले. "आता मी म्हणते, पुरे."

आत्याने खण उघडला. कात्री बाजूला केली, पाकीट काढलं, नखाने चंदेरी कागद फोडून एक गोळी तळहातावर घेतली. फुलपात्रात पाणी ओतलं. गोळी बारीकशी, वरून गुळगुळीत वेष्टण असलेली. अशा गोळ्यांना कसलीही चव नसते. तिने ती जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, गिळली. आणि मग माझ्याकडे बघून तिने डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, गाल आत ओढले आणि जीभ बाहेर काढून असं काही तोंड वेडंवाकडं केलं की मी हसले.